दुसऱ्या नंबरापायी उलटलेली होडी

मास्तर मोटार चालवायला शिकवतात. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक अरुंद खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी उभी असलेली छोटी पांढरी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आहे. शिकणारा भरकटला की मास्तर तो दाबतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा पाय आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरपाशी गप्पा मारत उभे असले आणि रस्त्यावर कुणी सायकल जरा जोरात हाणली, की इकडे यांचा पाय फरशीवर दाबला जातो. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत त्यांनी पाय असा काही रेटला की खुर्चीची पाय ठेवायची फळी निखळून पडली. हे मला डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नाहीत. "अजिबात दुखणार नाही" एवढं सोडून.

पायाची ही तऱ्हा, तर तोंडाची काय सांगावी! "आरसा बघा. क्लच पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण. माझ्याकडे नका बघू, समोर बघा." हे दिवसभर चालतं आणि घरी गेल्यावर बंद होत नाही. कुलूप कसं फिरवावं, दूध कोणत्या बाजूने ओतावं, छत्री दारात उघडावी की दाराबाहेर, मास्तरांकडे प्रत्येक गोष्टीची सूचना तयार असते. मनाने माणूस लाखात एक. अडचणीच्या वेळी पहिला फोन यांनाच करावा. पण त्यांच्यासोबत साधा जिना उतरायचा म्हटलं तरी माझं डोकं उठतं.

बुधवारी संध्याकाळी आम्ही काही मित्रमंडळी तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत लावतो. शर्यत म्हटल्यावर कुणी पांढरे शुभ्र कपडे आणि चांदीचे कप डोळ्यांसमोर आणू नयेत. पत्र्याची शेड, लाकडी धक्का, पाच-सहा जुन्या होड्या आणि दिवसभराच्या कामाने पिचलेली माणसं, एवढाच तो थाट. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीसमोर उभा असतो, त्यामुळे वारा पडला की तो होडीतच पेंगतो. डॉक्टरीणबाई दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडं ठेवायला लावतात आणि तलावावर आल्या की स्वतः तोंड उघडतात. वळणावर त्यांना आडवं जायची माझीही छाती होत नाही. धक्क्यापासून निघायचं, लांब पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपाला, बोयाला, वळसा घालायचा आणि परत यायचं. पंच वगैरे कुणी नाही. ज्याची होडी बोयाला घासेल त्याने आपण होऊन तिथेच एक गोल गिरकी घ्यायची, आणि ती सगळे घेतात, कुणी बघत नसलं तरी.

घोळ आहे तो दुसऱ्या नियमाचा. जो जिंकेल त्याने पुढच्या बुधवारी शर्यतीत उतरायचं नाही, मोटरबोटीत बसून बाकीच्यांची राखण करायची. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला ते आता कुणी कबूल करत नाही. हेतू चांगला होता. एकच माणूस दर वेळी जिंकू नये, सगळ्यांना संधी मिळावी. झालं भलतंच. मोटरबोटीत पेट्रोलचा वास घेत दुसऱ्यांची मजा बघत बसायला कुणालाच नको होतं. पहिला नंबर ही शिक्षा ठरली आणि सगळी चुरस दुसऱ्या नंबरासाठी सुरू झाली. शेवटचा टप्पा आला की पुढच्या होडीतला माणूस एकदम ढिला पडतो. शीड सैल सोडतो, ढगांकडे बघतो, बुटाची नाडी बांधायला घेतो. "या ना, तुम्ही व्हा पुढे." "छे छे, तुम्ही आधी." धक्क्यावर कुणी तिऱ्हाईत उभा असला तर त्याला वाटतं, काय सभ्य माणसं आहेत!

मास्तरांच्या होडीत सुकाणू धरायला मास्तर आणि पुढचं छोटं शीड सांभाळायला वहिनी. वहिनी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसतात. सकाळी खुर्चीत बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत कानाला फोन, आणि फोनमध्ये कुणीतरी खवळलेलं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी इतकं आलं की तळमजला भिजला. त्या सगळ्यांना "हो, नोंदवून घेते," असं शांतपणे सांगतात. तिथून थेट तलावावर यायचं आणि होडीत बसायचं, तर पाठीमागून मास्तर सुरू. "दोर ओढ. एवढा नको. सोड. सोड म्हणजे थोडा सोड. वाकून बस." वहिनी यालाही "हो" म्हणतात, अगदी ऑफिसातल्याच आवाजात. आम्ही त्यावर पुष्कळ थट्टा करायचो. पण बुधवार त्यांनी कधी चुकवला नाही. होडीला दर वर्षी रंग त्याच द्यायच्या, आणि त्या वेळी मास्तरांना शेडच्या बाहेर बसवायच्या.

गेल्या मोसमातल्या एका बुधवारी वारा झकास होता आणि मास्तरांचं नशीब खराब, कारण ते पहिले होते. मी दुसरा होतो आणि दुसराच राहायचा माझा पक्का विचार होता. मास्तरांनी मागे वळून बघितलं. "अरे, ये ना पुढे!" मी शीड सैल सोडून दिलं आणि त्यांना हात जोडले. तेवढ्यात वाऱ्याचा एक जोराचा झोत आला आणि त्यांची होडी सुसाट निघाली, थेट पहिल्या नंबराच्या दिशेने. अशा वेळी दुसरा कुणी असता तर त्याने निमूट जिंकून घेतलं असतं. मास्तरांनी मात्र ब्रेक दाबला. खोटं नाही सांगत, त्यांचा पाय होडीच्या तळावर आपटलेला मला मागून ऐकू आला. होडीला ब्रेक नसतो हे कळल्यावर त्यांनी सुकाणू खाडकन वळवलं. वारा शिडाच्या उलट बाजूने शिरला, शिडाखालची आडवी दांडी फटकन इकडून तिकडे गेली, होडी कलंडली आणि बघता बघता पूर्ण पालथी झाली. डोलकाठी खाली, तळ आकाशाकडे.

होडी उलटली की आमच्याकडे पहिलं काम म्हणजे डोकी मोजणं. जो वर येईल त्याने आपल्या डोक्यावर तळवा ठेवायचा, म्हणजे लांबून कळतं की हा ठीक आहे. मास्तर वर आले आणि त्यांनी सवयीने डोक्यावर हात ठेवला. दुसरं डोकं आलं नाही. मोटरबोटीत बेकरीवाला होता, तो इंजिनची दोरी ओढू लागला. मास्तर पालथ्या होडीभोवती पोहत ओरडत होते. काय ओरडत होते ते वाऱ्यामुळे मला नीट कळलं नाही. मग त्यांचा आवाजच निघेना. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि नुसते पाण्यावर तरंगत. त्यांचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. बेकरीवाला जवळ पोहोचतोय तोच होडीच्या पलीकडून वहिनींचं डोकं वर आलं. केस चेहऱ्यावर, एक हात होडीच्या काठावर आणि दुसरा डोक्यावर. आमचा जीव भांड्यात पडला. बेकरीवाला तर हुंदके देत होता आणि वर म्हणत होता की डोळ्यांत पेट्रोल गेलं.

आमच्यापुरतं ते तिथे संपलं. मास्तरांचं संपलं नाही.

पुढच्या बुधवारी मास्तर आले ते सरळ मोटरबोटीत जाऊन बसले. त्याच्या पुढच्या बुधवारीही. "मी आहे ना राखणीला. तुम्ही जिंका खुशाल." आम्ही खूश. राखणीची शिक्षाच उरली नाही म्हटल्यावर माणसं एकदम जिंकायला धावू लागली. बेकरीवाला पेंगायचा थांबला. आपली शर्यत सुधारली या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही की मास्तरांची होडी शेडमध्ये पालथी पडून आहे. वहिनी धक्क्याच्या पायरीवर बसायच्या, पाण्याकडे बघत. चला म्हटलं तर म्हणायच्या, "ह्यांची कंबर दुखतेय." मास्तरांना विचारलं तर ते म्हणायचे, "हिचा गुडघा." कंबर आणि गुडघा दोन्हीची औषधं माझ्याच दुकानात मिळतात, आणि दोघांपैकी कुणीही ती न्यायला आलं नव्हतं.

या मोसमाच्या सुरुवातीला शेडच्या दारावर कागद चिकटलेला दिसला. 'दोन माणसांची शिडाची होडी विकणे आहे. चांगल्या स्थितीत.' अक्षर मास्तरांचं.

दुसऱ्याच दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, वहिनी दुकानात आल्या. ऑफिसातून सुट्टी घेऊन आल्या असाव्यात, कारण त्या वेळी त्या कधी मोकळ्या नसतात. मी खोकल्याच्या बाटल्या लावत होतो.

"भावजी, येत्या बुधवारी तुम्ही जिंका."

"म्हणजे?"

"पहिला नंबर काढा. जमेल ना? की आजवर मुद्दाम दुसरे येत होतात ही नुसती थाप होती?"

मला हे लागलं. मी बाटली खाली ठेवली. "वहिनी, काय झालंय ते नीट सांगाल का?"

त्या स्टुलावर बसल्या. "दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी माणूस येतोय होडी बघायला. मला न विचारता बोलावलाय. म्हणतात, तुला त्या होडीत परत बसवायचा मला धीर नाही. अहो, मला विचारा ना, मला बसायचंय की नाही! त्या दिवसाचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. रात्री झोपेत पाय झाडतात. आणि घरात एक शब्द नाही, भावजी. दूध कुठून ओतू, दार कसं लावू, काही नाही. मी मुद्दाम दिवा जळत ठेवला परवा. नुसते उठले आणि मालवून आले."

मास्तर घरात सूचना देत नाहीत, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली.

"मग मी जिंकून काय होणार?"

"जिंकणाऱ्याने मोटरबोटीत बसायचं. नियम तुमचाच ना? तुम्ही बसलात की ह्यांना बसायला जागा नाही. मग बघते मी."

नियम माझा नव्हता, हे मी त्यांना ठासून सांगितलं. पण पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीही विचारलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या मनात आली. डॉक्टरीणबाईंनी मागे एका वळणावर गाडी फाटकाच्या खांबाला ठोकली होती. त्यांना काही लागलं नाही, पण त्यांनी गाडी सोडली ती सोडलीच. तेव्हा मास्तर त्यांच्या मागे लागून त्यांना घेऊन गेले. चालवायला नाही. त्याच वळणावर, त्याच खांबासमोर पांढरी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा. काय झालं?" बाईंनी सांगितलं, रडल्या, पुन्हा सांगितलं. मास्तर सगळ्यांना हेच करायला लावतात. जिथे मोडलं तिथे जाऊन बसायचं, त्याशिवाय पुढचा धडा नाही. वहिनींच्या बाबतीत मात्र ते त्या वळणाच्या आसपाससुद्धा फिरकले नव्हते.

तर मी जिंकलो. कसा ते विस्ताराने सांगायची माझी फार इच्छा आहे, पण बेकरीवाला हे वाचेल आणि मग आमच्यात वाद होईल.

त्याच्या पुढच्या बुधवारी मास्तर धक्क्यावर आले तेव्हा मी मोटरबोटीत पाय पसरून बसलो होतो.

"ऊठ," ते म्हणाले.

"का म्हणून? मी जिंकलोय."

"अरे, मी बसतो ना दर वेळी."

"तुम्ही जिंकलात कधी मास्तर? नियम म्हणजे नियम."

मास्तरांना नियमापुढे बोलता येत नाही. त्यावरच त्यांचं पोट चालतं. ते इकडे तिकडे बघू लागले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाला मास्तरांची होडी शेडमधून ढकलत बाहेर घेऊन आले, आणि वहिनी तिच्यात जाऊन बसल्या. मागे, सुकाणूपाशी. मास्तरांच्या जागेवर.

"अगं, हे काय? उतर आधी."

"बसा पुढे."

"विकायची आहे ती. कशाला ओली करायची?"

"गिऱ्हाइकाला सांगू, ओली केली होती. तुमच्या शिकाऊ बायका खांबाला गाडी ठोकतात, तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगता? घरी बसा म्हणून सांगता?"

मास्तरांनी लाईफ जॅकेट चढवलं, स्वतःचे पट्टे आवळले, वहिनींचे आवळले, पुन्हा स्वतःचे बघितले. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. बेकरीवाला तर एका गाठीकडे असा एकटक बघत होता की जणू ती आजच पहिल्यांदा दिसली. मास्तर पुढच्या बाजूला बसले, आजवर वहिनी बसायच्या तिथे, आणि दोर हातात घेतला.

मी शिट्टी वाजवली आणि बाकीच्या होड्या पिवळ्या बोयाकडे निघाल्या. वहिनी त्यांच्या मागे गेल्याच नाहीत. वारा बेताचा होता. त्यांनी होडी आरामात तिकडे वळवली, जिथे ती उलटली होती. धक्क्यापासून फार लांब नाही, पण खोल पाणी. मी थोडं अंतर ठेवून मागे गेलो आणि इंजिन बंद केलं. पाण्यावर आवाज लांबवर जातो. मला नको असतानाही सगळं ऐकू येत होतं. खरं म्हणजे हवंच होतं.

वहिनींनी शीड सैल सोडलं. होडी थांबली.

"आता पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "काय झालं?"

मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले, "मी ब्रेक मारला."

"मग?"

"मला दुसरं यायचं होतं. एवढ्यासाठी. त्या दीडदमडीच्या दुसऱ्या नंबरासाठी मी तुला बुडवली असती. मी वर आलो आणि तू नव्हतीस. खाली अंधारात तू हातपाय मारतेयस, तोंडात पाणी जातंय, आणि मी वर. रोज दिसतं मला. रोज. डोळे मिटले की दिसतं."

"तुम्ही बघितलंत ते?"

"कसं बघणार?"

"मग तुम्हाला काय ठाऊक खाली काय होतं ते? कधी विचारलंत?"

मास्तरांनी हातातला दोर खाली ठेवला.

"चला, दाखवते," वहिनी म्हणाल्या. "पायाशी पट्टा आहे तो दोन्ही हातांनी धरा. काही झालं तरी सोडायचा नाही. श्वास घ्या."

"अगं, काय करतेयस? अगं..."

वहिनींनी शिडाचा दोर ताणून धरला आणि सगळं अंग वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला टाकलं. मास्तर तिकडेच घसरले. होडी कलंडली, क्षणभर आडवी थांबली आणि मग शांतपणे पालथी झाली, एखाद्याने कूस बदलावी तशी.

मी उभा राहून डोकी मोजू लागलो. एकही नाही. होडीचा तळ तेवढा वर, वहिनींनीच दिलेला निळा रंग, आणि भोवती पाणी. पुन्हा बघितलं. नाही. इंजिनची दोरी ओढली. ते मेलं खोकून बंद पडलं. मी वल्हं घेतलं आणि वेड्यासारखा मारत सुटलो. मनात एकच, की आपण जिंकलो आणि या दोघांना मारलं. तिकडून बेकरीवाल्याने आणि बाईंनी होड्या वळवल्या होत्या, "डोकी दिसतायत का, डोकी?" असा ओरडा चालला होता. मी होडीपाशी पोहोचलो आणि तळावर दोन्ही मुठी हाणल्या. "मास्तर! वहिनी!"

आतून ठकठक झालं. आणि लाकडातून, खोल पिंपात बसून कुणी बोलावं तसा वहिनींचा आवाज आला.

"भावजी, जरा थांबा. आम्ही बोलतोय."

मी मोटरबोटीत मटकन खाली बसलो. बेकरीवाला आला, बाई आल्या, आणि मी दोघांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग आम्ही तिघं तीन होड्यांमध्ये त्या पालथ्या होडीभोवती बसून राहिलो, एखाद्याच्या बंद दाराबाहेर बसावं तसे. आतून पुटपुटणं ऐकू यायचं, शब्द कळत नव्हते. मध्येच मास्तरांचा आवाज चढायचा. मग कुणीतरी हसलं. आधी एक, मग दोघं. होडीचा तळ त्या हसण्याने घुमत होता. बाईंनी रुमाल काढला. बेकरीवाल्याने या वेळी पेट्रोलचं नाव घेतलं नाही.

ती दोघं बाहेर आली तेव्हा मास्तरांचे ओठ निळे पडले होते आणि त्यांचं हसू थांबत नव्हतं. मध्येच डोळे पुसत होते, ठसका लागत होता. आम्ही होडी सरळ केली, ओढत धक्क्याला आणली. शर्यत कुणी पूर्ण केलीच नाही, त्यामुळे पुढच्या बुधवारी राखणीला कोण, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

शेडमध्ये वहिनी कपडे बदलायला पडद्यामागे गेल्या. मास्तर बाकावर माझा कोरडा टॉवेल पांघरून बसले होते. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"आत हवा असते रे," ते म्हणाले. "माहीत होतं मला. आपल्या जुन्या होड्या खोल आहेत, उलटल्या की आत हवा राहते, हे मीच शिकवलंय सगळ्यांना. पण त्या दिवशी आठवलंच नाही. तिला आठवलं. तिने पट्टा धरला आणि आत डोकं वर काढून बसली. हातपाय मारणं नाही, काही नाही. तिथे हिरवा उजेड असतो, ठाऊक आहे तुला? पाण्यातून येतो. बरं वाटतं."

"मग लगेच बाहेर का नाही आल्या?"

"मी पण हेच विचारलं." त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "म्हणाली, बाहेरून तुमचा आवाज येत होता. पट्टा सोड, डावीकडून ये, पाय हलव, घाबरू नकोस, डावीकडून म्हणजे माझ्या डावीकडून. म्हटलं, हे सूचना देतायत, म्हणजे हे ठीक आहेत. मग बसले जरा. दिवसभर कान किटले होते. तिथे कुणाला हो म्हणायचं नव्हतं."

मला हसू आवरेना. मास्तरही हसले, पण मग त्यांचा चेहरा बदलला.

"आणि मग?" मी विचारलं.

मास्तर उत्तर देणार, तेवढ्यात पडदा सरला. वहिनी केस पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग हे गप्प झाले," वहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मी ह्यांना गप्प झालेलं कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, ह्यांना काहीतरी झालं. पट्टा सोडला आणि ह्यांना वाचवायला बाहेर आले."

मास्तरांनी मान खाली घातली. टॉवेलमधले खांदे हलत होते. वहिनी त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या हातातला कप काढून घेऊन दोन घोट स्वतः प्यायल्या. बाहेर बेकरीवाला शेडच्या दारावरचा कागद नखाने खरवडत होता.

"अगं," मास्तर जरा वेळाने म्हणाले, "केस आधी मुळाशी पूस. मग टोकं."

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.